हनिमून-३ ची हाडं

सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाने चारचौघांत दिवस ठरवून शब्द देऊ नये. 'पाहू', 'विचाराधीन आहे', 'वरून येऊ द्या' अशी उत्तमोत्तम उत्तरं तोंडात तयार असताना मी कुणालीच्या साखरपुड्यात, पन्नासेक माणसांदेखत, "हळदीला आम्ही पाण्यावरून येऊ" असं बोलून बसलो.

कुणाली ही माझ्या मेहुणीची नात. मेहुणी ताराबाई, म्हणजे माझ्या बायकोची, शकूची, थोरली बहीण, धाकट्या धरणाच्या पलीकडच्या काठाला राहते आणि आम्ही अलीकडच्या. आमच्या शहापूर तालुक्यात धरण म्हटलं की भातसा. ते मुंबईला पाणी पाजतं, त्याच्या पायाशी भातसानगर नावाची वसाहत आहे, तिथं साहेब आहेत, साहेबांना गाड्या आहेत. आमचं धाकटं धरण कुणाला फारसं काही पाजत नाही. ते आपलं दोन बहिणींच्या मध्ये पसरून राहिलेलं आहे. हवा स्वच्छ असली की ताराबाईच्या अंगणात वाळत घातलेलं लुगडं आमच्या काठावरून दिसतं. पण तिथं पोचायचं म्हणजे आधी आटगाव, मग शहापूर, मग दुसरी एसटी, मग फाटा आणि फाट्यापासून चार किलोमीटर पायी. शकूचे गुडघे गेल्यापासून हे चार किलोमीटर फार वाढले होते. वर्षातून एखादी भेट व्हायची. एरवी फोन. आणि फोनवर दोघी मुख्यतः आवाज येतोय की नाही याचीच चौकशी करतात.

साखरपुड्याला आम्ही पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि शेवटची पंगतही उठली होती. नवऱ्यामुलाचे मामा, मुरबाडकडचे देसले, यांनी मिशीवरून हात फिरवत सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की पाव्हणे कुठल्या देशातून आले. लोक हसले. मीही हसलो असतो, पण शकू गुडघ्यावर हात ठेवून टेकायला जागा शोधत होती आणि तिला ती मिळत नव्हती. तेव्हा मी ते वाक्य बोललो.

मला वाटलं, आता ही रागाने बघेल. ती रागाने बघती तर सगळं निभावलं असतं. तिने विश्वासाने बघितलं. अडतीस वर्षांच्या संसारात ही नजर माझ्या वाट्याला फारशी आलेली नसल्यामुळे तिच्याशी कसं वागायचं हे मला माहीत नव्हतं.

वैशाखऱ्याजवळचं एक रिसॉर्ट बंद पडलंय आणि सामान विकतंय, ही बातमी गोजरने आणली. सुनिल गोजर माझा शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेला. 'रेल्वेत आमी' या दोन शब्दांनी सुरू न होणारं त्याचं वाक्य मी अजून ऐकलेलं नाही. आम्ही दोघं टेंपो करून गेलो. तिथं झाडाखाली एक फायबरची होडी पडली होती. चौदा फूट लांब, निळी-पांढरी, दिसायला अगदी ठणठणीत. फक्त दोन्ही बाजूंना गुलाबी अक्षरांत 'हनिमून-३' असं लिहिलं होतं आणि शेजारी बाण घुसलेलं हृदय होतं. हनिमून-१ आणि २ चं काय झालं हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

येताना मुरबाडच्या बाजारात आमचा टेंपो अडकला. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो आणि गोजर मागे होडीत, आरती घ्यायला बसल्यासारखा. बाजारातल्या प्रत्येक माणसाने ही कुणाची म्हणून विचारलं आणि गोजरने प्रत्येकाला माझं नाव, हुद्दा आणि निवृत्तीचं वर्षही सांगितलं. आम्ही घरी पोचण्याआधीच शकूला चार बायकांनी फोन करून, या वयात कुठं निघालात, असं विचारून घेतलं होतं.

होडी अंगणात उतरवली आणि महादूला बोलावलं. महादू गावचा सुतार. माणसांशी कमी आणि लाकडाशी जास्त बोलणारा. तो बोटाच्या पेराने ठोकत होडीभोवती फिरला. पुढच्या बाजूला टणटण वाजलं. मध्ये टकटक वाजलं. मागे पोचल्यावर भद असा आवाज आला. महादूने माझ्याकडे बघितलं. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर पेशंटला सोडून नातेवाइकांकडे बघतात, तसं.

"भाऊसाहेब, ही वरची नुसती कातडी हाय. आत लाकडाची हाडं हायती. आनि हाडं कुजली."

मी आयुष्यभर पुराव्याशिवाय काही मान्य केलेलं नाही. प्रत्यक्ष पाहणी करावी म्हणून होडीत चढलो, दोन पावलं टाकली आणि माझा उजवा पाय तळ फोडून गुडघ्यापर्यंत आत गेला. पाहणी पूर्ण झाली होती, पण पाय निघेना. गोजर शांतपणे म्हणाला, की रेल्वेत आमी स्लीपर तपासताना कधी पूर्ण वजन देत नाय.

पाय निघाल्यावर महादूने समजावून सांगितलं. होडीच्या तळाला पुढून मागेपर्यंत दोन लांब पाट्या असतात, त्यांच्यावर आडव्या फळ्या, त्यावर प्लायची जमीन, आणि अगदी मागे एक जाड फळी, जिच्यावर इंजिन टांगतात. या सगळ्याला वरून फायबरचं कापड गुंडाळलेलं असतं. कुठल्यातरी स्क्रूच्या भोकातून पाणी आत जातं. मग ते बाहेर पडत नाही. फायबर स्वतः कुजत नाही, पण पाण्याला कोंडून ठेवतं आणि लाकूड आतल्या आत संपतं. बाहेरून रंग झकास. मला आमच्या कार्यालयातली दोन-तीन माणसं आठवली.

मी विचारलं, किती दिवसांचं काम. महादूने उलट मलाच विचारलं, की हळद कधी आहे. हळदीला चौतीस दिवस होते. त्याने कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली.

प्लायची जमीन कापून काढली आणि खाली चहात बुडवलेल्या पावासारखं काळं लाकूड दिसलं. हाताने ओरबाडलं की मूठभर यायचं. त्यात पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या, तीन जातीच्या मुंग्या होत्या, दात पडलेला एक कंगवा होता आणि एका पायातलं पैंजण होतं. शकूने ते पैंजण घासून खिडकीत ठेवलं आणि दिवसभर, बिचारीला घरी जाऊन काय काय ऐकावं लागलं असेल, म्हणून हळहळली.

याच सुमारास महादूच्या सासुरवाडीला कुणीतरी वारलं आणि त्याला तीन दिवस जावं लागलं. जाताना त्याने मला दोनदा बजावलं, की एक हाड काढा, तिथं नवीन बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. मी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं. पण गोजर म्हणाला, रेल्वेत आमी एकदा ब्लॉक घेतला की सगळं उरकूनच उठतो. मला ते पटलं. शिवाय खरं सांगायचं तर मला त्या कामाची चटक लागली होती. नोकरीत मी जे काढून टाकलं ते महिन्याभरात खालून वर येऊन पुन्हा माझ्याच टेबलावर बसलं. इथं मात्र पटाशी मारली की घाण निघायची आणि निघालेली परत येत नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होडी आतून घासलेल्या पातेल्यासारखी लख्ख झाली. एकही हाड शिल्लक नव्हतं.

सकाळी उठून बघतो तर होडी पसरली होती. लग्नात जेवण झाल्यावर माणूस पट्टा सैल करून बसतो तशा तिच्या दोन्ही कडा बाहेर पडल्या होत्या. ती आता होडी नव्हती. ती चौदा फुटी परात होती. शकू चहा घेऊन आली, बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, की पापड वाळत घालायला बरी आहे. चेष्टेने नाही, मला धीर यावा म्हणून म्हणाली. त्याने जास्त लागलं.

महादू परतला, त्याने परात पाहिली आणि मला एवढंच विचारलं, की तुमची समदी हाडं एकदम काढली तर तुम्ही उभे राहाल का. मग त्याने होडीला तीन ठिकाणी दोर आवळले, दोरांत काठ्या घातल्या आणि रोज थोडा थोडा पीळ देत कडा जवळ आणायला सुरुवात केली. आता प्रश्न असा, की किती जवळ. मूळ रुंदी कुणीच मोजली नव्हती. अखेर गोजरला आठवलं, की आणताना होडी टेंपोच्या दोन्ही फळ्यांना घासत होती. टेंपो परत बोलावला. ड्रायव्हरला वाटलं दुसरी होडी आणायची आहे. फक्त टेंपोची रुंदी मोजायला बोलावलंय हे कळल्यावर तो माझ्याकडे ज्या नजरेने बघून गेला, ती मला विसरायची आहे.

मागच्या फळीला आणि जमिनीला पाणी न धरणारं प्लाय चालेल, पण तळाच्या दोन लांब पाट्या सागाच्याच पाहिजेत, असं महादूचं म्हणणं. बाजारातलं लाकूड ओलं आहे, वर्षात पुन्हा हीच गत होईल. माझ्या शेताच्या बांधावर मी स्वतः लावलेले तीन साग आहेत. कायदा मला माहीत आहे. घरच्या झाडालासुद्धा परवानगी लागते. म्हणून मी विषय, संदर्भ, महोदय असा रीतसर अर्ज लिहिला आणि ज्या कार्यालयातून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, तिथंच घेऊन गेलो.

माझ्या खुर्चीवर आता अक्षदा बसते. हिला काम मी शिकवलं. मला बघून ती उठून उभी राहिली, चहा मागवला, अर्ज वाचला, माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि उतारा काढायला संगणकात बघू लागली. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"सर, तुमच्या गटात झाडं निरंक आहेत."

मी म्हटलं, तीन आहेत, मी लावली आहेत, त्यांना पाणी घालून माझा खांदा गेलाय.

"असतील सर. पण रेकॉर्डला निरंक. आणि खाली तपासून बरोबर आढळलं म्हणून सही आहे." तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "तुमची."

मला आठवलं. संगणकीकरणाच्या वेळी एका दिवसात चारशे उतारे माझ्या पुढ्यात आले होते आणि मी ते चारशेच्या चारशे बरोबर आढळवले होते. स्वतःच्या शेताचाही त्यात असेल हे कुणाच्या लक्षात राहतं.

"सर, झाड नाहीच, तर तोडायची परवानगी कशाची देऊ?"

खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी तिचा अभिमान वाटला. कागदावर नसलेली वस्तू डोळ्यांनी दिसली तरी बघायची नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. तिने मार्गही सांगितला. आधी झाडं आहेत असा अर्ज, मग पंचनामा, मग नोंद, मग हरकतींची मुदत, आणि मग हा अर्ज. हिशेब केल्यावर लाकूड साधारण कुणालीच्या पहिल्या बाळाच्या बारशाच्या सुमारास हातात येत होतं. मी चहा पिऊन घरी आलो.

दुपारची वेळ होती. मी पलंगावर आडवा होऊन पंख्याकडे बघत राहिलो. शकू येऊन पलंगाच्या कडेला बसली. मी तिला सगळं सांगितलं आणि हळदीला आपण आदल्या दिवशीच एसटीने निघू असंही सांगितलं. थोड्या वेळाने माझ्या कानाशी टणटण असा आवाज आला. ती बोटाच्या पेराने पलंग ठोकत होती.

"उठा," ती म्हणाली.

मी उठलो.

"ह्याच्या पाट्या साडेसहा फुटी हायती. दोन दोन जोडल्या तर पुरती का लांबी?"

हा पलंग तिच्या वडिलांनी लग्नात दिलेला. सगळा सागवानी, हलवायला चार माणसं लागायची. तो आल्यापासून घरात सगळ्यात भारदस्त वस्तू तीच होती, मी धरून. त्याच्या पाट्यांवर मुलांनी आडवं पडून पेन्सिलीने उंची मोजलेली होती. मी म्हटलं, अगं, तुझ्या बाबांनी दिलेला आहे.

"बाबांनी बसाया दिलता," शकू म्हणाली. "मंग बसूनच जाऊ ना."

महादूने पलंग सुटा केला, लाकडाचा वास घेतला आणि या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर समाधान दिसलं. दोन पाट्यांची टोकं लांब तिरकी कापून त्याने एकीवर एक अशी बसवली, की सांधा शोधावा लागेल. लांबी पुरली नाही तिथं पलंगाच्या आडव्या पट्ट्या लावल्या. उशाकडची फळी, तिच्यावर दोन मोर कोरलेले होते, ती मागच्या प्लायवर बेतशीर बसली. मोर ठेवायचे की तासायचे यावर चर्चा झाली आणि शकूने ते ठेवले. पुढचे तीन आठवडे आम्ही दोघं जमिनीवर झोपलो. सकाळी मी आधी कसाबसा उठायचो आणि तिला ओढायचो. कधी ती आधी उठून मला ओढायची. आणि ज्या दिवशी दोघांनाही जमलं नाही त्या दिवशी आम्ही तसेच पडून हसत राहिलो, इतके की गोजरने भिंतीपलीकडून विचारलं काय झालं.

राहिलं फायबर. त्यासाठी मुरबाडहून आदेश नावाचा कारागीर आला. हा लग्नाच्या मांडवांसाठी फायबरचे हत्ती आणि खांब बनवतो. ऐन लग्नसराई असल्यामुळे त्याला एकच सकाळ मोकळी होती. डब्यातलं चिकट रेझिन मगात घ्यायचं, त्यात ते घट्ट करणारं हार्डनर टोपणाने मोजून घालायचं, ढवळायचं, लाकडावर कापड अंथरून वरून ब्रशने मुरवायचं, असं त्याने दाखवलं. अर्धं काम त्यानेच केलं. मग सरळगावहून फोन आला, की मांडवातल्या हत्तीची सोंड मोडली. तो उठला, आणि ऊन वाढलं की हार्डनर कमी घाला, असं सांगून मोटरसायकलवरून गेला.

मी हार्डनर कमीच घातलं. पण त्याआधी गोजरने, कुणाला न सांगता, त्याच मगात त्याच्या मते पुरेसं हार्डनर घालून ठेवलं होतं, कारण रेल्वेत सिमेंट कमी पडलं तर चालत नाही. मी होडीत बसून शेवटचं कापड मुरवत होतो. अंगावर जुना सफारी होता. नोकरीतला, टेरिकॉटचा, मागून झिजून चकचकीत झालेला. एकाएकी हातातला मग गरम लागायला लागला. मग त्यातून धूर आला. मग मग वाकला. मी तो बाहेर फेकला, तो घट्ट होऊन, ब्रशसकट, दगडासारखा अंगणात पडला. मी उठायला गेलो. सफारी उठला नाही.

जो भाग मी आत्ताच मुरवला होता त्याच्यावरच मी टेकलो होतो. खालून चटका बसत होता. कुठं ते सांगायची गरज नाही. महादूने एकदा हात धरून ओढून पाहिलं आणि सोडून दिलं. गोजरने आदेशला फोन लावला, आणि तो स्पीकरवर ठेवला. आदेशने तिकडून, मागे सनई वाजत असताना, सांगितलं, की ओढू नका, कापड थरात गेलं, आता ते होडीचं झालं, भोवतीनं कापून घ्या. एव्हाना अंगणाच्या कुंपणाशी बरेच लोक जमले होते. शकू कात्री आणि टॉवेल घेऊन आली आणि सगळ्यांना म्हणाली, कुणी बघू नका. तोपर्यंत जे बघत नव्हते तेही त्यामुळे आले.

तर माझ्या सफारीचा मागचा भाग, अंदाजे एक चौरस फूट, त्या होडीत कायमचा राहिला. आदेशने फोनवर दिलासा दिला, की कापड कुठलंही चालतं, टेरिकॉट तर चांगलाच. महादूने त्याच्यावर आणखी एक थर चढवला. रेझिन सुकल्यावर काचेसारखं होतं, त्यामुळे मागच्या फळीवरचे मोर आतून दिसतात. शकूला ते फार आवडतात. सफारीही दिसतो.

धरणावरच्या मच्छीमार सोसायटीने दोघांनी लाइफ जॅकेट घालण्याच्या अटीवर पत्र दिलं आणि हळदीच्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून हनिमून-३ पाण्याकडे निघाली. मागे अर्धं गाव. शकूने हिरवं लुगडं नेसलं होतं आणि त्यावर भगव्या रंगाचं फुगीर जॅकेट. तिला त्यात मान वळवता येत नव्हती, तरी ती सगळ्यांकडे बघून हसत होती. नारळ फोडला. मी महादूला म्हटलं, पहिला मान तुझा, बस. महादू म्हणाला, "नको भाऊसाहेब. आत काय काय हाय ते मला ठावं हाय."

इंजिनाच्या भानगडीत आम्ही पडलोच नव्हतो. महादूने दोन वल्ही करून दिली होती. वल्हवणं मी मोबाइलवर बघून शिकलो होतो आणि तीन दिवस स्टुलावर बसून सरावही केला होता. स्टूल वळत नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी वल्ही मारली आणि होडी जागच्या जागी एक प्रदक्षिणा करून आली. मग दुसरी. तिसरीला काठावरचे लोक मोजायला लागले.

"सरका," शकू म्हणाली.

मी मागे मोरांपाशी जाऊन बसलो. तिने पदर खोचला, पाय रोवले, वल्ही एकदा हातात तोलून बघितली आणि पाण्यात घातली. होडी सरळ निघाली. मागचा गोंगाट हळूहळू लांब गेला. मी तिच्याकडे बघत राहिलो. जिला एसटीची पायरी चढवायला मी खालून आधार देतो, तिचे हात लयीत पुढे मागे जात होते आणि गुडघ्यांचं तिथं काही काम नव्हतं.

मी विचारलं, हे तुला कधीपासून येतं.

"धरण व्हायच्या आधी हितं नदी व्हती ना. साळंला होडीनंच जायचो. मी नि तारी, आळीपाळीनं."

"कधी सांगितलं नाहीस."

"तुमी कवा विचारलं?"

मी दर दोन मिनिटांनी तळाला तळहात लावून बघत होतो. कोरडा. मधोमध आलो तरी कोरडा. पायाखाली सगळं घट्ट, कुठं करकर नाही, भद नाही. मला एकदम इतका आनंद झाला की काय करावं कळेना. मी उगाच पाण्यात हात घातला आणि तिच्या अंगावर पाणी उडवलं. ती म्हणाली, नीट बसा. पण तीही हसत होती.

पलीकडच्या काठावर हळदीची सगळी माणसं येऊन उभी राहिली होती आणि सर्वांत पुढे देसले मामा. काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं: मामा, आमचा देश जवळच आहे. होडी टेकली. मी जॅकेट काढून रुबाबात उभा राहिलो, पाय खाली ठेवला, तो घोट्यापर्यंत चिखलात गेला आणि वर आला तेव्हा त्यात चप्पल नव्हती. तरी मी मामांचा हात धरला आणि म्हणालो, "मामा, आमचा देश..."

मामा माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या बाजूने ताराबाई खाली उतरत होती. चांगलं जड शरीर, हाताला कोपरापर्यंत कालवलेली हळद. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती लुगडं वर धरून सरळ होडीत चढली, शकूच्या समोर बसली, माझं काढून ठेवलेलं जॅकेट मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "चल."

शकूने वल्ह्याने काठ ढकलला. मी वाक्य पुरं करून वळेपर्यंत त्या पंधरा हात गेल्या होत्या.

इकडे पाटावर कुणाली पिवळी साडी नेसून बसलेली, हळद वाटलेली, गुरुजी घड्याळ बघतायत, आणि पहिला हात लावायचा तो आजीने. आणि आजी पाण्यात. लोकांनी हाका मारल्या. कुणी शिट्टी वाजवली. होडी पार मधोमध गेली आणि थांबली. मला वाटलं काहीतरी मोडलं. पण काठावरच्या म्हाताऱ्यांना ते आधी कळलं. त्या पाण्याखाली दोघींचं जुनं गाव होतं. धरण भरलं त्या वर्षी शकू सोळा वर्षांची होती.

पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो. दोघी भांडत होत्या.

"चूल हितं व्हती."

"हितं कुठली, हितं गोठा व्हता. चूल तिकडं, चिचेच्या अंगाला."

"चीच तर मागं ऱ्हायली."

वल्ह्याने खाली बोट दाखवल्यासारखं करून शकू होडी दोन हात डावीकडे घ्यायची. ताराबाई तिला पुन्हा उजवीकडे घ्यायला लावायची. काठावरची दोन म्हातारी माणसंही त्या वादात पडली आणि चूल गोठ्याच्या पलीकडेच होती, असं तिथून ओरडून सांगू लागली. त्यांचंही आपसात जमेना. देसले मामांनी शेवटी माझ्याजवळ येऊन, पाव्हणे, या कधी येणार, असं अगदी अदबीने विचारलं. मला काय माहीत.

मग कुणालीच पाटावरून उठली आणि हळदीची वाटी घेऊन पाण्यापाशी आली. म्हणाली, "आजोबा, मी हाक मारू का? माझी ऐकतील."

मी म्हटलं, "थांब जरा. अजून चूल सापडायचीय त्यांना."

ती माझ्या शेजारी बसली. माझी एक चप्पल नव्हती, तिने आपल्या दोन्ही काढल्या. वाटीतली हळद उन्हाने सुकत चालली होती, तेव्हा तिने बोटभर घेऊन माझ्या गालाला लावली आणि आम्ही दोघं पाण्याकडे बघत राहिलो. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग होडीतून मोठ्याने, दोघींचं मिळून, हसणं आलं. बहुधा सापडली असावी.